एलडी२४१०सी रडार सेन्सर: अभ्यासिकेच्या दिव्यांसाठी कितपत भरवशाचा?

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत दिवे आपोआप चालू-बंद व्हावेत म्हणून पीआयआर सेन्सर लावला, की एक तक्रार ठरलेली असते: मुलं वाचनात बुडालेली असतात आणि दिवा जातो. पीआयआर शरीरातून त्याच्यापर्यंत येणाऱ्या उष्णतेतला बदल टिपतो, त्यामुळे न हलणारा माणूस त्याला दिसतच नाही. हाय-लिंक कंपनीचा एलडी२४१०सी इथे खरोखर उपयोगी पडतो. तो २४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरी सोडतो; त्या लहरीची लांबी सुमारे १२.५ मिलिमीटर असते. श्वास घेताना छाती काही मिलिमीटर हलते आणि तेवढ्यानंही परतलेल्या लहरीची फेज (म्हणजे चढउतारातली जागा) ओळखू येण्याइतकी बदलते. काही शे रुपयांत हे मिळतं, हे कौतुकास्पद आहे. पण तो नुसता जोडून सोडून देण्याची वस्तू नाही.

तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, विकत घेताना शेवटचं 'सी' अक्षर पाहूनच घ्या. मूळ एलडी२४१० च्या पिनांमध्ये १.२७ मिलिमीटर अंतर आहे, त्यामुळे तो ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता जोडणी करायच्या पाटीवर) बसत नाही. 'सी'मध्ये ते २.५४ आहे, शिवाय ब्लूटूथही आहे.

जोडणी पाच पिनांची: ५ व्होल्ट, ग्राउंड, टीएक्स (डेटा पाठवणारी), आरएक्स (डेटा घेणारी) आणि आउट (माणूस आहे की नाही एवढंच सांगणारी). सिग्नल ३.३ व्होल्टचे असल्याने ईएसपी३२ या वायफाय असलेल्या मायक्रोकंट्रोलर बोर्डला थेट जोडता येतो; ५ व्होल्टच्या आर्डुइनोचा टीएक्स मात्र व्होल्टेज डिव्हायडरमधूनच (व्होल्टेज कमी करणाऱ्या दोन रेझिस्टरमधून) द्या. मूळ बॉड रेट, म्हणजे सीरियल डेटाचा वेग, २५६००० आहे. सॉफ्टवेअर सीरियल इथे टिकत नाही, अक्षरं गळतात. ईएसपी३२ चा हार्डवेअर यूआर्ट (चिपमधलंच सीरियल पोर्ट) वापरा, नाहीतर वेग ११५२०० वर आणा. अडॅप्टर २ अँपियरचा घ्या. रडारला २०० मिलिअँपियरची सोय हवी, ईएसपी३२ ला ५००, दिवा चालू-बंद करणाऱ्या रिलेच्या कॉइलला ७० च्या आसपास. मोबाइलचा जुना चार्जर लावला तर वायफाय सुरू होताना व्होल्टेज खाली जातं, ब्राउनआउट होऊन बोर्ड पुन्हा पुन्हा रीसेट होतो आणि दोष विनाकारण रडारवर जातो.

खरा शत्रू छताचा पंखा. रडारचा कोन दोन्ही बाजूंना ६० अंशांचा आहे. भिंतीवर दीड-दोन मीटरवर लावला की पंख्याची पाती थेट समोर येतात आणि रिकामी खोलीही त्याला भरलेली वाटते. म्हणून अभ्यासिकेत तो छतावर, तोंड खाली करून लावावा, उंची २.६ ते ३ मीटर असावी. ४८ इंची पंख्याच्या मध्यापासून २ मीटर दूर ठेवला तर पाती कोनाच्या बाहेर राहतात. पीव्हीसीच्या डबीत बसवा, धातूच्या नको. झाकण अँटेनापासून अर्ध्या लहरीइतकं, म्हणजे साधारण ६ मिलिमीटर दूर असावं. प्लायवूडच्या पार्टिशनपलीकडे चालणारा माणूसही त्याला दिसतो, हे बॉक्स कुठे लावायचा ते ठरवतानाच लक्षात घ्या.

मग ट्यूनिंग. अंतराचे टप्पे ०.७५ मीटरचे असतात आणि कमाल पल्ला ६ मीटर. एचएलके रडारटूल या ॲपमध्ये इंजिनिअरिंग मोड लावा, खोली रिकामी करा, पंखा पूर्ण वेगावर ठेवा आणि प्रत्येक टप्प्याची ऊर्जा पाहा. सेन्सिटिव्हिटीचा आकडा हा उंबरठा आहे: ऊर्जा त्याच्या वर गेली तरच माणूस मानला जातो. म्हणजे आकडा वाढवला की सेन्सर मंद होतो आणि १०० केला की तो टप्पा बंदच. बरेच जण इथे उलटं करून बसतात. रिकाम्या खोलीतल्या सर्वोच्च ऊर्जेपेक्षा १० ने जास्त उंबरठा ठेवा, मग सर्वांत दूरच्या बाकावर कुणाला तरी पाच मिनिटं निश्चल बसवून पाहा. टप्पा ० आणि १ ची स्थिर (न हलणाऱ्या माणसासाठीची) सेन्सिटिव्हिटी बदलता येत नाही. माणूस गेल्यावर थांबण्याची वेळ मूळची ५ सेकंद असते. अभ्यासिकेसाठी ती किमान १२० करा.

आता मुख्य मुद्दा, आणि याच बाबतीत बहुतेक जोडण्या कच्च्या असतात. आउट पिन शून्य असणं म्हणजे 'कुणी नाही'. पण वायर सुटली, मॉड्यूल मेलं, तरी ती शून्यच दिसते. बिघाड आणि रिकामी खोली यांत फरकच उरत नाही. त्यामुळे निर्णय सीरियल डेटावर घ्या. साधी फ्रेम, म्हणजे डेटाचा एक संच, २३ बाइटची असते: सुरुवात एफ४ एफ३ एफ२ एफ१, शेवट एफ८ एफ७ एफ६ एफ५. आत खरा चेकसम (डेटा बिघडला का ते पडताळणारा आकडा) नाही. त्या जागी कायम ०० येतं. म्हणून सुरुवात, लांबी, शेवट, तिन्ही तपासा आणि ६०० सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर आलं तर फ्रेम टाकून द्या. एक सेकंद एकही योग्य फ्रेम आली नाही, तर खोली भरलेली आहे असंच मानायचं. रिलेवर दिवा एनसी (कॉइलला वीज नसताना जोडलेल्या) संपर्कावर घ्या, म्हणजे बोर्ड बंद पडला तरी दिवा चालू राहील. खोली रिकामी असताना कॉइलला वीज लागते, पण हा खर्च रास्त आहे. ईएसपी३२ चा वॉचडॉग (प्रोग्राम अडकला तर बोर्ड रीसेट करणारा टायमर) चालू ठेवा आणि दिव्याचा निर्णय बोर्डवरच होऊ द्या. गुरुवारी वीज गेली आणि परत आली तर राउटर उठायला वेळ लागतो, तेवढा वेळ मुलांनी अंधारात का बसावं? रडारमधली सेटिंग मात्र वीज गेली तरी टिकते.

ब्लूटूथचा मूळ पासवर्ड सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा ट्यूनिंग झालं की तो बदला किंवा ब्लूटूथ बंद करा. माणसं मोजायची असतील तर हा सेन्सर घेऊ नका. तो फक्त 'आहे' किंवा 'नाही' आणि अंतर सांगतो. त्याच कंपनीचा एलडी२४५० तीन जणांचा माग काढतो, पण न हलता बसलेल्यांच्या बाबतीत तो कमी पडतो, म्हणून अभ्यासिकेला एलडी२४१०सीच घ्यावा.