वरची खोकी खरी, खालची खोटी

इंग्लंडमध्ये जुनं घर घेऊन लाकडी फ्लोअरिंग स्वतः बसवणाऱ्यांनी हे जरूर वाचा. आम्हाला ठरवून फसवलं गेलं, आणि त्याच पद्धतीने उद्या तुम्हालाही फसवतील.

आमचं घर १९३०च्या दशकातलं. खाली हवा खेळायला पोकळी, त्यावर जॉइस्ट म्हणजे लाकडी तुळया, तुळयांवर फळ्या. अशा तळावर इंजिनिअर्ड ओक, म्हणजे खाली प्लाय आणि वर खऱ्या ओकचा थर असलेल्या फळ्या, छान बसतं. प्लायचे थर एकमेकांना आडवे असल्याने ते भरीव लाकडाइतकं फुगत-आकसत नाही. दुकानदाराने दिलेला नमुना तसाच होता: १४ मिमी जाडी, वर ३ मिमी ओक, खाली प्लाय. गोदाम रिकामं करायचंय म्हणून भाव कमी. आगाऊ रक्कम क्रेडिट कार्डावर घेतली, उरलेली मात्र थेट बँकेत भरायला लावली.

फळ्या खोलीच्या हवेला रुळाव्यात म्हणून सीलबंद खोकी आडवी रचून ठेवली. तोवर जुन्या फळ्यांचे वर आलेले खिळे ठोकले, ओलावा मोजला. मग जुन्या फळ्यांना काटकोनात, भिंतीकडेने फट सोडून काम सुरू केलं. वरच्या खोक्यांतला माल अस्सल. खालची खोकी उघडली आणि नव्या फळीची जीभ आधीच्या ओळीच्या खाचेत बसेना. फळी कापून पाहिली. आत प्लाय नाहीच! दाबून बसवलेला तपकिरी भुसा, आणि वर ओकचा कागदासारखा पापुद्रा. लेबल मात्र सगळ्या खोक्यांवर एकच.

फोन केला तर दुकानदार म्हणाला, खोकी उघडलीत, आता माल परत घेता येणार नाही. मग नवीनच सूर: तुमच्या फ्लोअरखाली दमट हवा आहे, त्यानेच फळ्या बिघडल्या. दमटपणाने प्लायचा भुसा होतो का? पण जुन्या घरवाल्यांच्या गळी हे सहज उतरतं, म्हणून मुद्दाम सांगतेय. ओलाव्याच्या आकड्यांचे आणि बाहेरच्या भिंतीतल्या मोकळ्या एअरब्रिक्सचे (फ्लोअरखाली हवा जाण्यासाठीच्या भोकांच्या विटांचे) फोटो आधीच काढून ठेवा.

कन्झ्युमर राइट्स ॲक्ट २०१५ नुसार माल वर्णनाप्रमाणे आणि नमुन्याप्रमाणे असायलाच हवा. नसेल तर ३० दिवसांत तो नाकारून पैसे मागता येतात. आम्ही लेखी नाकारला, उत्तर आलं नाही. शेवटी कार्ड कंपनीकडे १९७४च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टच्या कलम ७५ खाली दावा केला. १०० पौंडांच्या वर ते ३०,००० पौंडांपर्यंतच्या वस्तूचे थोडे पैसे जरी क्रेडिट कार्डाने दिले असले, तरी पूर्ण रकमेला कंपनी जबाबदार असते. कापलेला तुकडा, नमुना, लेबल आणि जाहिरात यांचे फोटो पाठवले. पैसे परत मिळाले. बसवलेल्या ओळी मात्र उखडाव्या लागल्या, कारण त्यांना जुळणारा माल कुठेच मिळेना.

सगळे पैसे बँकेत भरायला सांगणाऱ्याकडून माल घेऊच नका. आणि गाडी दारात उभी असतानाच सगळ्यात खालचं खोकं उघडून फळीची कड बघा. ड्रायव्हर घाई करेल, त्याला थांबवा.