वापरलेला अ‍ॅक्रिलिक टँक घेताना झालेली फसवणूक: किंमत लांबीवर नाही, जाडीवर आणि सांध्यांवर ठरते

सहा फुटी वापरलेला अ‍ॅक्रिलिक (काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकचा) माशांचा टँक घ्यायचा विचार करत असाल, तर पैसे द्यायच्या आधी हे वाचा. ४५ हजार रुपये मोजून मी जो टँक घरी आणला, तो आज पाणी भरण्याच्या लायकीचा नाही. आणि हे विकणाऱ्याला पहिल्यापासून ठाऊक होतं.

माझा अरोवाना मासा चार फुटी टँकमध्ये मावेनासा झाला होता. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सहा बाय दोन बाय दोन फुटांचा काचेचा टँक जिन्यातून चढवणं म्हणजे सहा-सात माणसं आणि जिवाला घोर. अ‍ॅक्रिलिक त्याच जाडीच्या काचेच्या निम्म्याहूनही हलकं असतं, म्हणून शोध सुरू केला. नवी मुंबईतल्या एका गृहस्थाची जाहिरात दिसली. फोनवर आवाज अगदी घरगुती. "दादा, दुबईला बदली झालीय, नाहीतर एवढा जपलेला टँक कोण विकतं? तारापोरवालामध्ये बोगदा बघितलाय ना, तसलंच मटेरियल आहे." १८ एमएमची कास्ट (साच्यात ओतून केलेली) शीट, इंपोर्टेड, फक्त दोन वर्षं वापरलेला, नवा करायला दीड लाख, हे सगळं त्याने मेसेजवर लिहूनही दिलं.

मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात २०१५ च्या नूतनीकरणात अ‍ॅक्रिलिकचा बोगदा बसवला होता. तो पाहिलेल्या माणसाला अ‍ॅक्रिलिक म्हटलं की न फुटणारी वस्तू वाटते, आणि विकणारे नेमका याचाच फायदा घेतात.

त्याने टँक दाखवला तो संध्याकाळी, निळ्या दिव्यात, अर्धा पाणी भरून. "बघा, थेंब नाही गळत." पूर्ण भरून दाखवा म्हटलं तर म्हणाला, मग रिकामा करण्यात रात्र जाईल, टेम्पोवाला थांबणार नाही. ऐकायला पटण्यासारखं होतं. पण यातली मेख समजून घ्या. टँकच्या समोरच्या फळीवर पाण्याचा जो एकूण जोर पडतो, तो खोलीच्या वर्गाने वाढतो. दोन फूट पाणी भरलं की सहा फुटी फळीवर साधारण ३४० किलोंचा रेटा येतो. एकच फूट भरलं तर तो १७० नाही, फक्त ८५ किलो असतो, म्हणजे पाव. अर्धा भरलेला टँक कोरडा दिसला, यावरून पूर्ण भरल्यावर तो टिकेल असं अजिबात म्हणता येत नाही.

त्याहून बेरकी गोष्ट पुढे आहे. समोरच्या फळीवरचा एक लांबलचक ओरखडा त्याने स्वतःहून दाखवला. "खोटं कशाला बोलू, हा एक डाग आहे, त्याचे पाच हजार कमी करतो." असा माणूस प्रामाणिक वाटणारच. पण ओरखडा हा अ‍ॅक्रिलिकचा सगळ्यात किरकोळ दोष. पाण्यात भिजवून बारीक, आणखी बारीक अशा पॉलिश पेपरने घासून वर बफिंग केलं की तो जातो. वेळखाऊ काम आहे, इतकंच. काच आणि अ‍ॅक्रिलिक यांत हाच मोठा फरक आहे. ओरखड्यावर पाच हजारांची घासाघीस चालू असताना जे खरोखर बघायचं होतं, त्यावरून लक्ष उडवलं गेलं.

छोट्या हत्तीत घालून टँक पुण्याला आणला. कोमट पाणी आणि साबणाने धुतला तेव्हा फडकं तेलकट झालं. आतून कसलंसं पॉलिश फासलेलं होतं. ते निघालं आणि तळाच्या सांध्याजवळ बारीक रेषांचं जाळं उघडं पडलं, जुन्या चिनी मातीच्या बशीवर असतं तसं. याला क्रेझिंग म्हणतात. नख फिरवून ते नेहमी कळतंच असं नाही. टॉर्च सांध्याला समांतर, फळीला चिकटून धरला की रेषा चमकतात. फळीच्या मधोमध थोडं क्रेझिंग असेल तर ते दिसायला वाईट, इतकंच. सांध्यालगत असेल, तर तिथलं अ‍ॅक्रिलिक ताण सोसून थकलंय आणि त्यावर उपाय नाही.

क्रेझिंग होण्याची कारणं अनेक. काच पुसायचे अमोनियावाले स्प्रे, स्पिरिट, थिनर यांपैकी काहीही त्यावर मारलं तरी होतं. कडा चकचकीत करण्यासाठी ज्योत फिरवून मग चिकटवल्या तरी होतं. आणि वर्षानुवर्षं भरलेला टँक रिकामा करून महिनोन्‌महिने कोरडा ठेवला तरीही होतं, कारण अ‍ॅक्रिलिक थोडं पाणी पितं आणि सुकताना आत ताण धरतं. बर्लिनच्या हॉटेलमधलं दहा लाख लिटरचं दंडगोल मत्स्यालय १६ डिसेंबर २०२२ च्या पहाटे फुटलं. नंतर तज्ज्ञांच्या तपासात नक्की कारण हाती लागलं नाही, पण ज्या शक्यता मांडल्या गेल्या त्यात सांध्याचा चिकटपणा सुटणं आणि दुरुस्तीच्या काळात रिकामं राहिल्याने अ‍ॅक्रिलिक सुकणं या दोन्ही होत्या. म्हणून "गोडाऊनमध्ये वर्षभर नुसता पडून आहे, वापरच नाही" हे ऐकून हुरळून जाऊ नका.

मग मी भोसरीतल्या एका अ‍ॅक्रिलिक कारागिराला घरी बोलावलं. त्यांनी आधी कोपऱ्यातली सिलिकॉनची पट्टी बोटाने उचलली. ती सलग निघून हातात आली. अ‍ॅक्रिलिकचे सांधे द्रावणाने वितळवून एकजीव केलेले असतात. सिलिकॉन त्यावर धड पकडच घेत नाही, त्यामुळे अ‍ॅक्रिलिक टँकच्या आतल्या कोपऱ्यात सिलिकॉन दिसलं की समजायचं, तिथून गळती होती आणि कुणीतरी ती झाकलीय. पट्टीखालचा सांधा पांढरा पडलेला होता आणि त्यात बुडबुड्यांची रांग होती.

नंतर जाडी. टँकच्या वरच्या काठाला आतून एक पट्टी चिकटवलेली होती, त्यामुळे वरून बघताना काठ १८ एमएमचा भासत होता. उभ्या कडांवर अ‍ॅल्युमिनियमचा चॅनल, म्हणजे तिथूनही जाडी दिसत नव्हती. कारागिरांनी मागच्या फळीला पाइपसाठी पाडलेल्या भोकात व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) घातला आणि आकडा आला १२. वरवर पाहता फरक सहा एमएमचा. पण फळीचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, म्हणजे १८ एमएमची फळी १२ एमएमच्या तिपटीहून जास्त ताठ. दोन फूट उंचीला ही फळी फुगणारच. शेवटी मागची काळी फिल्म सोलली. ओव्हरफ्लोसाठी, म्हणजे जास्तीचं पाणी वरून बाहेर जाण्यासाठी, कापलेल्या खाचेचा कोपरा गोल न करता काटकोनात ठेवला होता आणि तिथून वितभर तडा वर गेलेला.

मी त्यांना विचारलं, याची किंमत किती धरायची? ते म्हणाले, "टँक म्हणून शून्य. शीट म्हणून कापून वापरा, पण सांध्याजवळचा भाग टाकून द्या."

म्हणून वापरलेल्या टँकचा भाव करताना लांबी-रुंदी आणि "नवा एवढ्याला पडतो" हे बाजूला ठेवा. दिवे, फिल्टर, स्टँड यांची किंमत वेगळी काढा. बहुतेक वेळा फुगवलेला आकडा त्यांच्या आड लपलेला असतो. स्टँडला वर सलग, सपाट प्लायवूड आहे का तेही बघा. नुसत्या लोखंडी अँगलवर कडांनी टेकलेला अ‍ॅक्रिलिक टँक तळातून ताण खातो. व्हर्नियर सोबत न्या, तो भोकातच लावा. पाठीमागची फिल्म सोलायला सांगा. टँक काठोकाठ भरून निदान एक रात्र तसाच ठेवायला सांगा आणि दोरी ताणून समोरची फळी किती फुगली ते मोजा. यातल्या कशालाही विकणारा तयार नसेल तर ॲडव्हान्सही देऊ नका.

मला टँक विकणाऱ्याचा फोन आता लागत नाही, मला ब्लॉक केलंय. पण नंतर एका पाच फुटी टँकची जाहिरात दिसली, मागे तोच फुलांचा पडदा, त्याच फरशा, आणि यावेळी बदली बेंगळुरूला. म्हणजे हा घर आवरणारा हौशी माणूस नव्हे, जुने टँक घेऊन रंगवून विकणारा व्यापारी आहे. हा फरक महत्त्वाचा आहे. एका घरातून दुसऱ्या घरात झालेल्या विक्रीला ग्राहक संरक्षण कायद्याचा आधार मिळणं कठीण. व्यापारी असेल तर त्या वाटेने जाता येतं आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार मी पोलिसांत दिली आहे. दोन्ही जाहिरातींचे स्क्रीनशॉट, यूपीआयची नोंद आणि "१८ एमएम कास्ट, लीक नाही" हा त्याचा स्वतःचा मेसेज जोडलाय. तुम्हीही जाडी, वय आणि सांध्यांची स्थिती पैसे देण्याआधी समोरच्याकडून लेखी घ्या, आणि रोख मागितली तर नाही म्हणा.