तासाला सत्तर ब्रास म्हणे!

चार बोटं. २०० लिटरच्या लोखंडी ड्रमात पाणी निवळल्यावर तळाशी रेती उरली ती एवढीच. वरचं पाणी बादलीने उपसलं, चुलतभावाने चिव्याची काठी तळापर्यंत खुपसून बाहेर काढली, रेती चिकटली होती तिथपर्यंत बोटं लावली आणि माझ्याकडे बघत राहिला. ड्रमची उंची ३५ इंच, रेती ३ इंच. खाडीतली रेती उपसायचं सक्शन मशीन घेऊन तेव्हा नऊ दिवस झाले होते आणि आमचे ११ लाख ४० हजार गेले होते.

आधीच सांगतो, आम्ही चोरटा उपसा करायला निघालो नव्हतो. रेतीवाला फसला म्हटलं की लोक म्हणतात, बरं झालं. आमचे वडील सावित्रीच्या खाडीत हातपाटीवर होते. होडी न्यायची, बुडी मारायची, बादलीने रेती वर काढायची. एका भरतीला दीड-दोन ब्रास (ब्रास म्हणजे रेती मोजायचं माप) झाली तरी दिवस चांगला गेला म्हणायचे. त्यांचे कान त्यातच गेले. २०१० मध्ये हायकोर्टाने उपशावर बंदी घातली तेव्हापासून हातपाटीचं कधी चालू, कधी बंद, असंच झालं. मी गॅरेज टाकलं, भावाने टेम्पो घेतला. मग आमच्या भागातल्या एका ठेकेदाराला खाडीतला गट, म्हणजे उपशासाठी आखलेला पट्टा, ड्रेजरने, म्हणजे मशीनने, काढायला मिळाला. त्याला सक्शनवाले, म्हणजे पंपाने उपसणारे, पाहिजे होते. परवाना त्याचा, वाहतुकीचे पास त्याचे, मशीन आणि माणसं आमची. ब्रासमागे ४०० रुपये. मी, चुलतभाऊ आणि माझा मेहुणा, तिघांनी सोनं-नाणं गहाण टाकून पैसे उभे केले.

मशीन विकणारा घाटावरचा. त्याचा व्हिडिओ मेहुण्याच्या मोबाईलवर आला होता. सहा इंची नळीतून काळसर रेती भसाभसा पडते आहे, ढीग वाढतो आहे, मागे मराठी गाणं. फोन केला तर माणूस इतका गोड, की दुसऱ्या आठवड्यात तो आमच्या घरी जेवायला होता. आईने तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं केलं होतं. "काकू, असं जेवण आमच्याकडे मिळायचं नाही," म्हणाला आणि दोनदा भात घेतला. खाडी बघायला मात्र उतरला नाही. उन्हाचा त्रास होतो म्हणाला. तेव्हाच खटकायला हवं होतं. मशीन खाडीत चालणार आणि विकणाऱ्याला खाडी किती खोल आहे हेही विचारावंसं वाटत नाही!

आता त्या आकड्याची गंमत ऐका. त्याने दिलेल्या कागदावर छापलं होतं, क्षमता तासाला २०० घनमीटर. आणि फोनवर, जेवताना, प्रत्येक वेळी तोंडाने म्हणायचा, "दादा, तासाला सत्तर ब्रास." आम्ही हिशोब केला. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. २०० ला २.८३ ने भागलं तर सत्तर येतात. बरोबर! हिशोब जुळला म्हणून आमचा विश्वास बसला. मेहुणा तर म्हणाला, सत्तर सोडा, निम्मं निघालं तरी वर्षात पैसे मोकळे.

ते २०० घनमीटर पाणी होतं. पाणी अधिक त्यात येईल ती रेती. सक्शन पंप म्हणजे काही रेती ओढणारं यंत्र नव्हे, तो पाणी ओढतो आणि पाणी रेतीला बरोबर घेऊन येतं. चांगला पंप, मोकळी रेती आणि नळीवर बसलेला माणूस हुशार असेल तर शंभरात पंधरा-वीस भाग रेती येते. आमच्या ड्रममध्ये ३५ ला ३, म्हणजे शंभराला साडेआठच. ड्रम चार सेकंदांत भरला होता. (पहिल्या वेळी तर धारेने ड्रमच आडवा झाला, दुसऱ्या वेळी दोघांनी धरला.) चार सेकंदांत २०० लिटर म्हणजे तासाला १८० घनमीटर. बघा, कागदावरचा आकडा जवळजवळ खरा होता! त्यातली रेती काढली तर पंधरा घनमीटर, म्हणजे पाच-सव्वापाच ब्रास. सत्तर ब्रास हे त्याने कधीच कुठे लिहून दिलं नव्हतं. पुढे वकिलाने पहिला प्रश्न तोच विचारला, लिहून कुठे आहे?

तुम्ही म्हणाल, चालू मशीन बघितलं नाही का? बघितलं. तिघेही पहाटेच्या गाडीने गेलो होतो. शेडच्या मागे खाणीचा जुना खड्डा, त्यात पाणी, तराफ्यावर मशीन. सुरू केलं आणि खरोखर व्हिडिओतल्यासारखी रेती पडली. वीस मिनिटं. मग "गिऱ्हाईक यायचंय" म्हणून बंद केलं आणि चहा मागवला. काठावर जेसीबीच्या चाकांचे ताजे वळ होते, ते मी बघितलेही होते. पण तेव्हा डोक्यात आलं नाही, की खाणीच्या खड्ड्यात धुतलेली, चाळलेली, नदीची रेती आली कुठून? सकाळीच ओतली होती. पाणी दोन मीटर, रेती सुटी, त्यात नळी सोडली की कुठलाही पंप रेती ओकणारच.

खाडीचा तळ तसा नसतो. वर्षानुवर्षं बसलेला, मध्ये चिखलाचे थर, कालवांची आणि शिंपल्यांची टरफलं. तो फोडायला नळीच्या तोंडाशी जोराचा पाण्याचा फवारा लागतो, नाहीतर फिरता कटर. आमच्या मशीनला दोन्ही नव्हतं. एक जाळी होती, ती दर अर्ध्या तासाला टरफलांनी गच्च. माणूस खाली उतरवून हाताने साफ करायची. म्हणजे वडिलांची बुडी काही सुटली नाही, फक्त डिझेल वाढलं.

आणि खोली. हे नीट समजून घ्या, कारण हे आम्हाला गॅरेजवाले असूनही कळत नव्हतं. पंप वर तराफ्यावर बसलेला असतो. तो ओढतो असं आपण म्हणतो, पण खरं तर बाहेरची हवा पाण्याला दाबून नळीतून वर ढकलते, आणि हवेची सगळी ताकद मिळून दहा मीटर उंच पाण्याच्या खांबाएवढी. नळी पाण्यातच बुडालेली असते म्हणून खोली फुकटात मिळते, असं वाटतं. नुसतं पाणी उपसायचं असेल तर ते खरंही आहे. पण नळीत रेती शिरली की आतला खांब बाहेरच्या पाण्यापेक्षा जड होतो, आणि खोली वाढेल तसा हा जडपणा वाढत जातो. शिवाय नळीतली घासाघीस, जाळीची अडचण, पंप पाण्याच्या वर जेवढा बसलाय ती उंची. सगळं त्या दहा मीटरांतूनच वजा होतं. आमच्याकडे भरतीला आठ-नऊ मीटर पाणी. रेती दाट आली की पंप गुरगुरायचा, आत कुणी पत्र्याच्या डब्यात खडे हलवतंय असा आवाज. मग चालवणारा घाबरून नळी हातभर वर घ्यायचा. आवाज बंद, आणि नळीतून नितळ पाणी. दिवसभर हेच. मोठ्या ड्रेजरवर पंपच शिडीला बांधून पाण्याखाली नेतात, तो याच कारणासाठी. हे मला नंतर एका जुन्या बार्जवाल्या काकांनी सांगितलं. त्यांना आधी विचारलं असतं तर? पण त्यांच्याशी आमच्या घरचं जमिनीवरून बोलणं बंद होतं.

बाराव्या दिवशी धार अर्ध्यावर आली. पंप खोलला. इम्पेलरच्या, म्हणजे आतल्या फिरत्या पंख्याच्या, पात्यांच्या कडा कुरतडल्यासारख्या, एका पात्याला आरपार भोक. बिलावर "हायक्रोम" लिहिलं होतं, म्हणजे लवकर न झिजणारं कडक लोखंड. मी तो उचलून लेथवाल्याकडे नेला. त्याने काही न बोलता कानस घेतली आणि दोन हात मारले. चकचकीत घळ पडली, राखाडी भुगा त्याच्या बोटांवर. "साधं बीड, ओतीव लोखंड आहे शेठ. हायक्रोमवर कानस घसरते, धरत नाही." दोन मिनिटांचं काम, विकत घेताना खिशात कानस असती तर तिथेच कळलं असतं. तसंच इंजिनाचं. "नवं कोरं" इंजिन म्हणून घेतलेल्या त्या डब्याचा पुलीमागचा नट मी फिरवला तर निळ्या रंगाखाली पिवळा, पिवळ्याखाली आणखी कुठला तरी हिरवा. नंबर ठोकलेली जागा ग्राइंडर मारून गुळगुळीत केलेली. कुठल्या ट्रकचं होतं देव जाणे. मी गॅरेजवाला, रोज हेच करतो, आणि मीच रंग बघून भुललो. याची लाज अजून वाटते.

एक फसवणूक वेगळीच होती, तिच्यात आम्ही थोडक्यात वाचलो. चुलतभावाने विकणाऱ्याला विचारलं होतं, पुढे आम्ही स्वतःच धंदा केला तर? त्याने लगेच एक रंगीत कागद काढला, वर भारत सरकारचं बोधचिन्ह, खाली क्यूआर कोड. "मशीनला सरकारी मान्यता आहे, कुठेही लावा, याची झेरॉक्स दाखवायची." तो कागद भावाने तहसीलमधल्या ओळखीच्या कारकुनाला दाखवला. तो हसला आणि त्याने स्वतःच्या बायकोच्या शिवणकामाचा तसलाच कागद मोबाईलवर दाखवला. उद्यम नोंदणी! आधार नंबर टाकून घरबसल्या फुकट मिळते, लहानमोठा उद्योग आहे एवढंच त्यातून कळतं. रेती काढण्याचा परवाना मशीनला मिळत नसतो. तो जागेला, ठरावीक मुदतीला आणि ठरावीक ब्रासला मिळतो, आणि त्यात कशाने काढायची हेही लिहिलेलं असतं. हातपाटीच्या परवान्यावर सक्शन लावलं तरी ते बेकायदाच. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ४८ (७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आणि ४८ (८) खाली मशीन जप्त. तिकडे भीमेच्या पट्ट्यात महसूलवाले बोटी जिलेटिन लावून उडवतात, त्या बातम्या सगळ्यांनीच वाचल्यात. त्या उडालेल्या बोटींतल्या कितींच्या खिशात असा रंगीत कागद होता, कुणास ठाऊक.

आमचा हिशोब सांगतो. तासाला पाच ब्रास, ठेकेदाराकडून २,००० रुपये. इंजिन तासाला सोळा लिटर डिझेल पिणार, तेव्हा लिटरला नव्वदच्या आसपास, म्हणजे साडेचौदाशे तिथेच गेले. चार माणसांची मजुरी, जेवण, तराफ्याचं भाडं. भरती-ओहोटी सांभाळून दिवसाला पाच-सहा तास काम, त्यातला एक जाळी साफ करण्यात. रोज खिशातून भरत होतो. तिसऱ्या आठवड्यात ठेकेदाराने दुसरा सक्शनवाला आणला. त्याचं काही चुकलं नाही.

विकणाऱ्याने पहिले आठ दिवस फोन उचलला. "दादा, तुमच्या माणसांना चालवता येत नाही, माझा ऑपरेटर पाठवतो." ऑपरेटर आला, दोन दिवस राहिला, ५,००० घेऊन गेला. नंतर फोन लागेना. गेलो तर शेडला दुसरीच पाटी, आतला माणूस म्हणतो आम्ही महिन्यापूर्वी भाड्याने घेतली. पोलीस ठाण्यात फसवणुकीची तक्रार द्यायला गेलो, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ वकिलाने लिहून दिलं होतं. साहेब म्हणाले, मशीन दिलंय ना त्याने? चालतंय ना? मग हा दिवाणी मामला. अर्ज घेतला, पोच दिली, गुन्हा अजून नोंदलेला नाही. ग्राहक आयोगात अडचण अशी, की धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूची तक्रार सहसा चालत नाही. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतली असेल तर चालते, पण आम्ही तिघे भागीदार आणि वर मजूर लावलेले. वकील म्हणतात प्रयत्न करू.

त्यातही आमच्या हातानेच आमचे हात बांधलेले. बिल झालं ६ लाखांचं, तेही "पंपसेट व सुटे भाग" म्हणून. वरचे ५ लाख ४० हजार रोख, "जीएसटी वाचेल दादा". ते पैसे आम्ही दिले हे सिद्ध कसं करणार? ड्रेजर असा शब्द आमच्याकडच्या एकाही कागदावर नाही. आज मी कुणाला सांगेन तर एवढंच सांगेन, की पैसे बँकेतूनच द्या, आणि बिलावर "अमुक मीटर खोलीवर, तासाला इतकी निथळलेली रेती" असं लिहून मागा. लिहून द्यायला जो काचकूच करतो त्याच्याकडे चहासुद्धा पिऊ नका. शेवटचे निम्मे पैसे मशीन तुमच्या पाण्यात, तुमच्या तळावर एक पूर्ण दिवस चालल्यावर. आणि त्या दिवशी ड्रम न्या. धार बघून रेतीचा अंदाज कुणालाच येत नाही, काळसर पाणी जाड दिसतं. आमच्या वडिलांना दिसायचं, म्हणा. मशीन आलं त्या संध्याकाळी ते काठावर बसून धार बघत होते. बराच वेळ बघून एवढंच म्हणाले, "पाणी चांगलं काढतोय." त्यांना ऐकू येत नाही म्हणून आम्ही त्यांच्याशी वाद घातला नाही.

मशीन आता ताडपत्री टाकून परसात पडलंय. विकायला काढलंय, पंपसेट म्हणूनच. परवा घाटावरून एकाचा फोन आला, तासाला किती ब्रास काढतो? पाच, म्हटलं. त्याने फोन ठेवला.