172 दिवसांचं मस्टर: 'आउट ऑफ द पार्क बेसबॉल 26'

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेलच्या कारखान्यात मी अकरा वर्षं पगाराचं काम बघते. मस्टर, ओव्हरटाइम, उचल, पीएफ, ईएसआय. सात तारखेच्या आत सगळ्यांच्या खात्यात पैसे पडले की माझा महिना सुटतो. आणि रात्री जेवणं आटोपली की मी लॅपटॉपवर अजून एक पगारपत्रक उघडते. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल संघाचं.

'आउट ऑफ द पार्क' हा बेसबॉल संघ चालवायचा कॉम्प्युटर गेम. तो मी गेल्या मे महिन्यात स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात सवलत लागली तेव्हा घेतला. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री, रविवारची दुपार. कूलरसमोर बसून पहिला हंगाम सुरू केला तो उठले दिवे लागायच्या वेळेला. शाळेत मी सॉफ्टबॉल खेळायचे, कॅचर होते, त्यामुळे नियम नव्यानं शिकावे लागले नाहीत. ज्यांनी फक्त क्रिकेट बघितलंय त्यांनी आधी आठ-दहा दिवस नियम समजून घ्यावेत, मग पैसे भरावेत. सगळं इंग्रजीत आहे आणि अक्षर बारीक आहे.

यात बॅट आपल्या हातात नसते, हे आधीच सांगते. माझ्या भाच्यानं दहा मिनिटं बघितलं आणि "मावशी, हे तर एक्सेल आहे" म्हणून उठून गेला. त्याचं बरोबर आहे आणि मला नेमकं तेच आवडलं. आपण संघाचे जनरल मॅनेजर. मालक बजेट ठरवून देतो. त्यात खेळाडूंचे पगार, नवी मुलं हेरणारे स्काउट, खालच्या संघांतलं प्रशिक्षण, ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची आळीपाळीनं निवड), परदेशातली पोरं, सगळं बसवायचं. मेजर लीगचा, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या बेसबॉल लीगचा, रीतसर परवाना असल्यामुळे संघ आणि खेळाडू खरे असतात. एक दिवस पुढे सरकवा नाहीतर अख्खा महिना. सामने आतल्या आत होतात आणि समोर आकडे येतात.

पायरेट्सच का घेतला? 2008 साली उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या भालाफेक करणाऱ्या दोन मुलांना याच संघानं करारावर घेतलं होतं. अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉल संघाशी करार झालेले ते पहिले भारतीय. तेव्हापासून हे नाव माझ्या डोक्यात होतं. संघ किती गरिबीत चालतो ते मात्र गेम उघडल्यावर कळलं.

पगारांचा तक्ता पहिल्यांदा बघितला तेव्हा वाटलं, माझ्याकडून एखादं शून्य वाचायचं राहिलं. पॉल स्कीन्स, पायरेट्सचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, 2025 चा पगार 8 लाख 75 हजार डॉलर. लीगमधला किमान पगारच त्या वर्षी 7 लाख 60 हजार होता. आणि त्याच वर्षी न्यूयॉर्क मेट्सकडे आलेल्या हुआन सोटोचा करार 15 वर्षांचा, 76.5 कोटी डॉलरचा. वर्षाला सरासरी 5 कोटी 10 लाख, म्हणजे स्कीन्सच्या अठ्ठावन्न पट. बरं, स्कीन्स काही होतकरू नवखा नाही. 2025 ला नॅशनल लीगच्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्याला एकमतानं मिळाला. नऊ डावांमागे त्यानं सरासरी 1.97 धावा दिल्या, तरी त्याच्या नावावर विजय दहा आणि पराभवही दहा. हा दिवसभर प्रतिस्पर्ध्याला रोखून धरणार आणि त्याच्या बाजूनं धावा काढणारं कुणी नाही. पायरेट्स त्या हंगामात 71 सामने जिंकले, 91 हरले.

आपल्याकडे आयपीएल बघणाऱ्याला हे पटकन पचत नाही. आयपीएल 2025 च्या लिलावात प्रत्येक संघाची पर्स सारखी, 120 कोटी. ऋषभ पंतला 27 कोटी दिले की उरलेला संघ 93 कोटींत बसवा. बेसबॉलमध्ये अशी पर्स नाही. तिथे संघाच्या एकूण पगारखर्चाला एक रेषा आखलीय, 2025 साठी 24.1 कोटी डॉलरची. ती ओलांडायला बंदी नाही, ओलांडली तर कर भरायचा. वर्षामागून वर्ष ओलांडत राहिलात तर कर वाढत जातो, आणि अगदी वरच्या टप्प्यावर तो इतका होतो की जादा खर्चाच्या प्रत्येक डॉलरवर 1 डॉलर 10 सेंट कर. एवढं असून लॉस एंजेलिस डॉजर्सनी 2024 चा सुमारे 10.3 कोटी डॉलरचा कर भरला आणि पुढच्या वर्षी अजून खर्च केला. त्यांना परवडतं, कारण त्यांचा स्थानिक टीव्हीचा करारच 25 वर्षांचा, 835 कोटी डॉलरचा आहे. पिट्सबर्गला असा करार कुठून मिळणार? शोहेई ओतानीला त्यांनी 10 वर्षांसाठी 70 कोटी डॉलर कबूल केले, त्यातले 68 कोटी 2034 ते 2043 या काळात द्यायचे. आज हातात वर्षाला फक्त 20 लाख. एवढी मोठी उधारी कागदावर मांडलेली मी माझ्या नोकरीत कधी बघितली नाही.

मग सगळं पैशावरच ठरतं का? तसंही नाही, आणि इथेच मी बरेच दिवस अडकून पडले होते. 2025 च्या साखळीत सगळ्यात जास्त सामने जिंकले मिल्वॉकी ब्रूअर्सनी, 97. त्यांचा पगारखर्च डॉजर्सच्या निम्म्याहूनही कमी. आणि सोटोला घेणारे मेट्स प्लेऑफमध्येसुद्धा गेले नाहीत. पण ऑक्टोबरात तेच ब्रूअर्स डॉजर्ससमोर आले आणि चारही सामने हरले. चौथा सामना आपल्याकडे धनत्रयोदशीच्या सकाळी होता. मी एका हातानं धने-गुळाची वाटी देवापुढे ठेवत होते आणि दुसऱ्या हातातल्या मोबाईलवर स्कोअर बघत होते. ओतानीनं त्या एका सामन्यात सहा डाव एकही धाव न देता दहा जणांना स्ट्राइकआउट केलं, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलं, आणि स्वतः तीन होमरन (आपल्या षटकारासारखे) मारले. खेळ म्हणून त्याला तोड नाही. पण ब्रूअर्ससाठी माझा जीव तुटला. सहा महिने काटकसरीनं घर चालवायचं आणि सणाच्या दिवशी शेजारच्या रोषणाईपुढे आपला दिवा दिसू नये, तसं झालं.

गेमचा सगळ्यात मोठा गुण इथे कामी येतो. लीगचे आर्थिक नियम आपल्याला बदलता येतात. मी नवा डाव मांडला, खर्चाला कडक मर्यादा घातली आणि उत्पन्नाची वाटणी वाढवली. पाच हंगाम पुढे गेले. गुणतक्ता खरंच सपाट झाला, माझे पायरेट्स दोनदा प्लेऑफमध्ये गेले. मी खूश होते. मग सवयीनं जमाखर्च उघडला. शिल्लक फुगत चालली होती आणि खेळाडूंच्या पगाराचा वाटा खाली आला होता. मुलं तीच, मैदान तेच, प्रेक्षक तेवढेच, फक्त पैसे मालकाच्या रकान्यात जाऊन बसले होते. खऱ्या लीगमध्येही प्रत्येक संघ आपल्या निव्वळ स्थानिक उत्पन्नातले 48 टक्के एका गंगाजळीत टाकतो आणि ती तीस संघांत सारखी वाटली जाते. मिळालेला वाटा खेळाडूंच्या पगारावर किती जातो, खरं भांडण तिथे आहे. खेळाडू संघटना पगाराच्या मर्यादेला इतकी वर्षं का विरोध करते, 1994 ला त्यासाठी संप करून वर्ल्ड सिरीजसुद्धा का बुडू दिली, हे मला त्या एका रकान्यानं समजावलं. मालक आणि खेळाडू संघटनेतला हा करार 1 डिसेंबर 2026 पर्यंतचा. डॉजर्सना दटावायच्या आधी, वाटा घेऊन खर्च न करणाऱ्या मालकांना किमान पगारखर्चाची अट घाला, असं माझं ठाम मत आहे.

गेमला पाचपैकी साडेचार देते. लॅपटॉप माझा साधाच, सहा वर्षांचा, त्यावर नीट चालतो. सामन्याचं चित्र साधं आहे, त्यासाठी घेऊ नका. पगाराच्या लवादाचं प्रकरण मात्र बघण्यासारखं केलंय. तीन वर्षं भरलेला खेळाडू एक आकडा मागतो, तुम्ही एक आकडा देता, आणि निकाल लागेपर्यंत हात खरोखर थंड पडतात.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसले ती. प्रत्येक खेळाडूच्या पानावर त्याच्या सेवेची नोंद असते, वर्षं आणि दिवस. मेजर लीगच्या संघात 172 दिवस भरले की एक वर्ष धरतात. अशी सहा वर्षं झाली की खेळाडू मोकळा, हवा त्या संघाकडे जाऊ शकतो. हंगाम 172 दिवसांपेक्षा थोडासाच मोठा असतो. म्हणजे एखाद्या तयार पोराला सुरुवातीचे दोन-तीन आठवडे खालच्या संघात बसवून ठेवलं की त्याचं वर्ष भरत नाही आणि तो अजून एक हंगाम स्वस्तात तुमच्याकडे राहतो. शिकागो कब्ज या संघानं 2015 ला क्रिस ब्रायंटला 17 एप्रिलला वर बोलावलं. वर्षअखेर त्याचे दिवस भरले 171. एक दिवस कमी. त्यानं तक्रार केली, 2020 ला निकाल त्याच्याविरुद्ध गेला, आणि तो 2020 ऐवजी 2021 च्या हंगामानंतर मोकळा झाला.

हे वाचलं त्या रात्री मी गेम बंद केला. आत्ताच्या नोकरीआधी मी दुसऱ्या एका ठिकाणी होते. वर्षात 240 दिवस भरले की कायदा सलग नोकरी धरायचा, म्हणून तिथे दोनशे तीस-पस्तीसला माणसाला ब्रेक द्यायची पद्धत होती. मस्टर माझ्याकडे असायचं. शेठ फक्त विचारायचे, "कुणाचे किती झाले?" मी पेन्सिलनं नावापुढे आकडा लिहून द्यायचे. कांड्या भरणाऱ्या एक मावशी होत्या, साखर पेठेतून चालत यायच्या. तिसऱ्या ब्रेकच्या वेळी त्या माझ्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, "ताई, माझे दिवस कुठं जातात गं?" मी काही बोलले नाही. तेव्हा माझं वय चोवीस होतं, घरी माझ्याच पगारावर सगळं चालायचं. तो प्रश्न अजून तसाच माझ्याजवळ आहे.

आत्ताच्या डावात माझ्याकडे एक एकवीस वर्षांचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) आहे, गेमनंच तयार केलेला, ड्राफ्टमधून आलेला. तयार आहे, स्काउटच्या अहवालात एकही खोट नाही. हिशेब सरळ होता, पंधरा-वीस दिवस थांबवला की एक वर्ष फुकट पदरात. मालकाला मला नफा दाखवायचा होता. बराच वेळ मी त्याचं पान उघडं ठेवून बसले होते. मग हंगामाच्या पहिल्याच दिवशी त्याला वर बोलावलं आणि मस्टरवर त्याचा पहिला दिवस लागला.