लातूरहून लेकरांना घेऊन आंबोलीचं जंगल की आपल्याच भागातलं हुरड्याचं वावर?

आधी कॅलेंडर काढून बसा. फोटोत धुक्यातलं, हिरवंगार आंबोली दिसतं ते जुलैचं असतं आणि लेकरांना सुट्टी असते मे महिन्यात. मेमध्ये गेलात तर गार हवा मिळेल, सावली मिळेल. पण ओढे आटलेले आणि बेडूक दडी मारून बसलेले. पाऊस धरतो नेमका शाळा उघडतात तेव्हा. दोनदा हुकल्यावर आम्ही दिवाळीची सुट्टी धरली. तेव्हा ओढे वाहते असतात, जळवा कमी झालेल्या असतात आणि धबधब्याखाली पावसाळी रविवारची झुंबडही नसते.

हुरड्याचं तसं नाही. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी सरेपर्यंत कुठलाही शनिवार धरा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी. लातूरहून सोलापूर, सांगली, कोल्हापूर, आजरा करत आंबोली गाठायची म्हणजे साडेचारशे किलोमीटरच्या वर. जाऊन-येऊन एक-एक अख्खा दिवस गाडीतच जातो. तीन मुक्काम नसतील तर निघूच नका.

पुस्तकात शिकवतात तसं वर्षावन पाहायचा हट्ट असेल तर खरं ठिकाण कर्नाटकातलं आगुंबे. 2005 पासून तिथे रोम्युलस व्हिटेकर यांनी उभारलेलं वर्षावन संशोधन केंद्र आहे आणि नागराजाचा (किंग कोब्राचा) मुलूख म्हणून आगुंबे ओळखलं जातं. पण लातूरहून ते साडेसहाशेच्या पुढे. सहावी-सातवीच्या पुढची, किड्यामुंग्यांत रमणारी पोरं असतील तरच तेवढी दगदग करावी. आंबोलीचं जंगल सदाहरित आणि निमसदाहरित असं मिसळलेलं. आपल्या डोळ्यांना ते पुरून उरतं.

कारण आपण येतो कुठून? लातूरला वर्षाकाठी 700-800 मिलिमीटर पाऊस, आंबोलीला 7,000च्या आसपास. 2016 मध्ये आपल्याकडे मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं, ते आम्ही प्यायलोय. पहिल्यांदा गेलो ते जूनअखेरीस, शाळा बुडवून. डोंगरातून निघालेला पाण्याचा लोट रस्ता ओलांडून दरीत चालला होता. धाकटीने गाडीच्या काचेला नाक लावून विचारलं, “बाबा, ह्याच्याखाली कुणी बादली का नाही लावली?” रात्री आम्ही उतरलो होतो तिथल्या मालकाने टॉर्च घेऊन मागच्या डबक्याजवळ नेलं. पाण्यावर झुकलेल्या फांदीला साबणाच्या फेसाचा गोळा चिकटवावा तसं काहीतरी लोंबत होतं. ते मलबारी उडत्या बेडकाचं घरटं. पिल्लं झाली की खालच्या पाण्यात टपकतात. लेकरं अर्धा तास गप्प उभी होती. आमच्या घरात हे क्वचितच होतं.

जळवांचं आधीच सांगून ठेवतो. चिकटली तर ओढू नका, नखाने सरकवून काढा. रक्त थोडा वेळ वाहतं, घाबरायचं नाही. पण लहान लेकरू रक्त पाहून जे रडतं ते आवरताना तासभर जातो, हेही धरून चला.

हुरड्याची मजा वेगळी. आगटीत गोवऱ्यांचा विस्तव, त्यात खोचलेली कणसं आणि समोर बसून तळहातावर चोळून देणारा माणूस. भुसा फुंकला की हिरवे दाणे उरतात, ते गरम असतानाच तोंडात टाकायचे. सोबत शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. तुमच्या किंवा पाहुण्यांच्या वावरात वेळा अमावास्या, म्हणजे शेतात पूजा करून तिथंच जेवायचा आपला येळवशीचा सण, होत असेल तर पैसे देऊन कुठं जायचं कामच नाही. कडब्याची खोप, भज्जी, आंबील, उंडे आणि दिवसभर बांधावर हुंदडणारी पोरं. जंगल नसलं तरी लेकरांना धान्य कुठून येतं ते इथंच कळतं. आंबोलीत ते पाहुणेच असतात.

आता ‘शाश्वत’ या शब्दाचं. कृषी पर्यटनाच्या जाहिरातीत हल्ली सगळेच शाश्वत, म्हणजे निसर्गाला न ओरबाडणारे असतात, पण दोन्हीकडे मालकाला विचारायचे प्रश्न निराळे. आपल्याकडे पहिला प्रश्न पाण्याचा. बोअरच्या पाण्यावर स्विमिंग पूल आणि रेन डान्स चालवणाऱ्या ठिकाणाला मी तरी शाश्वत म्हणणार नाही, अंगणात बैलगाडी सजवून ठेवली असली तरी. शेततळं, ठिबक, गोबर गॅस दिसला आणि त्यावर खरंच स्वयंपाक होत असला तर बसा जेवायला.

आंबोलीकडे पाणी उदंड, तिथे विचारायचं ते सांडपाण्याचं. आंबोलीत हिरण्यकेशी नदी उगम पावते तिथल्या कुंडात 2020 मध्ये माशाची एक नवी जात नोंदवली गेली आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ ठरली. संडासाचं पाणी ओढ्यात सोडून वर ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ अशी पाटी लावण्यात काय अर्थ आहे? खोल्यांसाठी उतार जेसीबीने कापलाय का, तेही डोळ्यांनी पाहा. लाल माती उघडी पडलेली लगेच दिसते. सौर पॅनेलचं मात्र फार कौतुक नको. जुलैत तिथे ऊनच नसतं, पाणी बंबातच तापतं. त्यात सरपण कुठलं जळतंय, हे विचारायला हवं. आमच्या मालकाने आपल्याच काजूच्या वाळक्या फांद्या दाखवल्या, तेव्हा बरं वाटलं.

नोंदणीही बघा. 2020च्या कृषी पर्यटन धोरणानुसार राज्याच्या पर्यटन संचालनालयाकडे केंद्रांची नोंद होते. प्रमाणपत्र मागितल्यावर मालक चिडला, तर पुढे जेवणाची तक्रार कुणाकडे करणार?

खर्चात हुरडा सरळ स्वस्त. आंबोलीला आमच्या गाडीचं नुसतं इंधनच साठ लिटरच्या पुढे गेलं. पाच वर्षांखालचं लेकरू किंवा गुडघे धरलेलं माणूस सोबत असेल तर मी विचारही न करता वावर म्हणेन. आंबोलीतल्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात आणि दवाखाना लांब.

यंदा दिवाळीत आंबोलीचे तीन मुक्काम ठरलेत. आईला विचारलं तर म्हणाली, “मागच्या खेपेला चार दिवस माझं लुगडं वाळलं नाही. तुम्ही जावा, मी येळवशीला वावरात येते.”