हेअर पॅच, ८ महिन्यांनंतर: केस धड, लेस फाटकी

हेअर पॅच म्हणजे टक्कल झाकायला टाळूवर टेपने चिकटवायचा केसांचा तुकडा. माझा ८ × ६ इंचांचा, मानवी केसांचा. बेस, म्हणजे केस ज्यावर गाठींनी बसवलेले असतात तो तळ, असा: मध्ये मोनो (बारीक विणीची मजबूत जाळी), तिन्ही कडांना पॉली (प्लास्टिकसारखा पातळ पट्टा), पुढे इंचभर लेस (नाजूक जाळी). किंमत १४,००० रुपये. पाचव्या महिन्यात दुकानात सर्व्हिसिंग (पॅच काढून, धुऊन पुन्हा लावणं) करताना कपाळावरची लेस दोन जागी फाटली आणि दुकानदाराकडून उत्तर मिळालं, 'बेस संपला, नवीन घ्या.' हे साफ खोटं होतं. मोनो धड, पॉली धड, केस दाट. गेली ती फक्त लेस, आणि ती वापरून नाही, ओढून काढल्यामुळे. दर १५ दिवसांनी ८०० रुपये, अशा दहा खेपांचे ८,००० रुपये देऊन हे झालं, याचा राग अजून गेलेला नाही.

फाटलेल्या जागा बारीक पारदर्शक दोऱ्याने शिवून घेतल्या. त्यानंतरचे तीन महिने काढणं, धुणं, लावणं सगळं घरी केलं. शिवण टिकली आहे, नवी फाट नाही. म्हणून काढण्याबद्दलच सविस्तर लिहितो. पॅचचं आयुष्य तिथेच ठरतं.

टेपचा गोंद अॅक्रिलिकचा असतो. उष्णतेने आणि घामाने तो मऊ होतो आणि लेसच्या जाळीतून वर केसांच्या गाठींपर्यंत सरकतो. एप्रिल-मे महिन्यांत आणि दमट हवेत हे लवकर होतं. वर हेल्मेट असेल तर आणखी लवकर. असा रुतलेला गोंद विरघळायच्या आत पॅच उचलला की टेप टाळूला धरून बसते आणि जाळीचे धागे तुटतात. दुकानात घाई असते. स्पिरिट मारलं की अर्ध्या मिनिटात ओढायला सुरुवात. गोंद सुटायला किमान ४-५ मिनिटं लागतात.

घरी ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतो. ७० टक्क्यांचंही चालतं, पण वेळ दुप्पट लागतो. सुरुवात मागच्या पॉलीच्या कडेने करायची, कारण तीच सगळ्यांत दणकट. कडेला फवारा, थांबणं, बोटाने हलकेच उचलणं, उचललेल्या फटीत पुन्हा फवारा. लेस सर्वांत शेवटी. तिला चिमटीत धरायचं नाही, खालून बोट सरकवायचं. डोळ्यांवर नॅपकिन धरावा. खिडकी उघडी हवी आणि जवळपास गॅस, निरांजन, उदबत्ती काहीही पेटतं नको. हे द्रव झटकन पेट घेतं.

मग चिकटा. पॉलीवरचा सोपा: भिजवून जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने एकाच दिशेने लोटला की गोळा होऊन निघतो. लेसवर कार्ड लावू नका. जुना टॉवेल चौपदरी घालून लेस त्यावर चिकट बाजू खाली करून ठेवायची, वरून, म्हणजे केसांच्या बाजूने, फवारायचं आणि तळव्याने दाबायचं. गोंद टॉवेलमध्ये उतरतो. टॉवेलची जागा बदलत तीन-चार वेळा. उलटं केलंत, म्हणजे खालच्या बाजूने फवारून घासलंत, तर तोच गोंद केसांच्या मुळांत जाऊन बसतो आणि पुढचे केस राठ, चिकट होतात. माझ्या पॅचचं दुकानात हेच झालं होतं.

आता एक मत मागे घेतो. चौथ्या महिन्यात मागच्या केसांचा गुंता व्हायला लागला तेव्हा माल हलका आहे, असं ठाम वाटलं. क्यूटिकल (केसावरचं खवल्यांचं आवरण) तासून वर सिलिकॉन चढवलेले केस असेच वागतात: पहिले काही धुणे चमक, मग गुंता. पण त्याची परीक्षा सोपी आहे. चार केस चिमटीत धरून मुळाकडून टोकाकडे आणि उलट बोट फिरवा. टोकाकडून मुळाकडे जाताना खरखर लागली आणि सगळ्या केसांची खरखर एकाच दिशेची निघाली, तर क्यूटिकल शाबूत आहे. माझे केस या परीक्षेत पास झाले. ('तिरुपतीचे केस' या शब्दांवर जाऊ नका. देवस्थान केसांचा लिलाव लांबीप्रमाणे प्रतवारी करून करतं. पुढे सगळ्या केसांची मुळं एका बाजूला राखली की नाही, म्हणजे खरखर एकाच दिशेची राहील की नाही, हे त्या नावावरून कळत नाही.)

गुंत्याचं कारण निघालं बोअरचं पाणी. पॅचच्या केसांना टाळूचं तेल मिळत नाही, त्यामुळे क्षार बसले की झाकायला काही नसतं. उपाय साधा: सल्फेट नसलेल्या शाम्पूने धुतल्यावर १ लिटर पाण्यात १ मोठा चमचा पांढरं व्हिनेगर घालून त्यात २ मिनिटं बुडवायचं, शेवटचं पाणी आरओचं. दोन धुण्यांत फरक पडला. विक्रेत्याला उगाच दोष दिला होता, म्हणून मुद्दाम लिहिलं.

धुताना पाणी कोमट, केस चोळायचे नाहीत, पाणी मुळाकडून टोकाकडेच सोडायचं. कंडिशनर मुळांपासून दीड इंच सोडून. गाठींना तो लागला की त्या सैल होऊन केस सुटायला लागतात, आणि लेसवरच्या एकेरी गाठी तर आधीच नाजूक. विंचरणं टोकांपासून, रुंद दातांच्या कंगव्याने. खोबरेल लावायचंच तर खालच्या निम्म्या केसांना दोन थेंब. कडेला पोचलं की टेप सुटलीच.

रंग उन्हाने तांबूस होतो, त्याला इलाज नाही. घरी डाय किंवा मेंदी लावू नका, गाठी आणि बेस दोन्हींना लागते. पांढरे केस मिसळलेला पॅच असेल तर आणखी एक सांगतो: त्यातले पांढरे बहुधा कृत्रिम असतात, गरम ड्रायरने तेच आधी कुरळतात.

लावण्यात विशेष नाही. टाळू स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडी, टेप लेसच्या कडेपासून १-२ मिलिमीटर आत, आणि नंतर २४ तास पाणी नाही. नवी टेप असेल तर आदल्या दिवशी कानामागे छोटा तुकडा लावून खाज येते का ते बघा.

घरचा खर्च महिन्याला २५० रुपयांच्या आत बसतो. पॅचला पाचपैकी चार. सर्व्हिसिंगला एकही नाही. पुढच्या वेळी लेसऐवजी पुढेही पातळ पॉली घेणार आहे. कपाळाची कड थोडी उठून दिसेल, पण केस मागे वळवायचे नसतील तर ते चालतं. आणि हा जुना पॅच मापासाठी जपून ठेवतोय, कारण पहिलं माप घेताना उजवी बाजू पाव इंच कमी आली होती.