अगाथा ख्रिस्तीच्या शेवटच्या पंधरा कादंबऱ्या: आठ महिन्यांच्या वाचनानंतर

'पोस्टर्न ऑफ फेट' दोनदा अर्ध्यात टाकली होती, तिसऱ्यांदा एकदाची संपवली, म्हणून लिहायला बसले. अख्खा संच घेतलाय, तेव्हा एकही पुस्तक नुसतं कपाटात ठेवायचं नाही असं ठरवलं होतं. नाहीतर परत हातात धरलीच नसती. ओरिएंट एक्सप्रेस, नाईल वगैरे सगळ्यांचं वाचून झालेलं असतं. मी 1961 पासून पुढच्या घेतल्या.

'पोस्टर्न'ची सुरुवात इतकी छान आहे, त्यामुळेच जास्त राग येतो. टॉमी आणि टपेन्स हे आता म्हातारं झालेलं हेर जोडपं नव्या घरात राहायला येतं. तिथल्या एका जुन्या पुस्तकात काही अक्षरांखाली रेघा मारलेल्या असतात. ती जुळवली की निघतं: मेरी जॉर्डनचा मृत्यू नैसर्गिक नव्हता, आपल्यापैकीच कुणीतरी केलंय. आणि पुढे पानंच्या पानं नुसत्या गप्पा. तेच नवरा-बायको बोलणार, तेच भेटेल त्याला सांगणार, घरी येऊन पुन्हा तेच.

पण माझी खरी तक्रार वर्षांची आहे. रहस्यकथेत 'केव्हा' हाच निम्मा पुरावा असतो, म्हणून मी वाचताना वहीत दोन रकाने आखते: काय घडलं, किती वर्षांपूर्वी. 'एलिफंट्स कॅन रिमेंबर'चा (1972) दुसरा रकाना काही भरेना. रेव्हन्सक्रॉफ्ट पती-पत्नी कड्यावर गोळ्या लागून मेलेले सापडले, ते कधी दहा-बारा वर्षांपूर्वी, तर कधी पंधरा-वीस. मुलीचं वय धरून हिशेब लावायला गेले, तोही जमेना. शेवटी खोडाखोडीने कागदाला भोक पडलं. एवढी मोठी लेखिका, आणि हस्तलिखितावर कुणी साधी बेरीज-वजाबाकी करून पाहिली नाही?

इथवरचं मागच्या महिन्यात लिहिलं होतं. त्यानंतर टोरंटो विद्यापीठातल्या संशोधकांचं 2009 मधलं काम वाचनात आलं. त्यांनी बाईंच्या कादंबऱ्यांमधले शब्द मोजले. 'एलिफंट्स'मध्ये वेगवेगळ्या शब्दांची संख्या सुमारे तीस टक्क्यांनी घटलेली, 'ते काहीतरी', 'ती गोष्ट' असले मोघम शब्द वाढलेले. स्मृतिभ्रंशाची सुरुवात असावी, असा त्यांचा अंदाज. मी ती वही काढली आणि माझी खोडाखोड बघवेना. कादंबरीत रहस्यकथा लिहिणारी मिसेस ऑलिव्हर म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन 'तुम्हाला काय आठवतंय' विचारत फिरते. प्रत्येकाला अर्धवट आठवतं, तेही चुकीचं. हे लिहिताना बाई ऐंशी ओलांडलेल्या होत्या. हिशेब चुकलाय हे मी अजूनही म्हणेन, पण पहिल्यासारखा राग राहिला नाही.

आणि उतरत्या काळातलं सगळंच पडेल आहे असं अजिबात नाही. 'एंडलेस नाइट' (1967) वाचाच. पंचविशीच्या आतबाहेरच्या एका फिरत्या, पैसा नसलेल्या पोराच्या तोंडून सांगितलेली गोष्ट, आणि लिहिणारी पंचाहत्तरी उलटलेली! दोन रात्रींत संपवली आणि लगेच पहिल्या पानावर गेले. 'द पेल हॉर्स'मधली (1961) विषाची लक्षणं इतकी चोख आहेत, की 1977 मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात ती कादंबरी वाचत असलेल्या नर्सने एका लहान मुलीचं दुखणं ओळखलं आणि ती वाचली. 'नेमेसिस'मध्ये (1971) मेलेला माणूस मिस मार्पल या म्हाताऱ्या हौशी गुप्तहेर बाईंवर काम सोपवून जातो, पण गुन्हा कोणता तेच सांगत नाही. मध्ये जरा रेंगाळते, पण मिस मार्पलसाठी मी ते चालवून घेतलं. 'पॅसेंजर टू फ्रँकफर्ट' मात्र संच घेतला असेल तरच.

'कर्टन' आणि 'स्लीपिंग मर्डर' मुद्दाम शेवटी ठेवल्या होत्या. छापून आल्या 1975 आणि 1976 मध्ये, पण दोन्ही दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिहून तिजोरीत ठेवलेल्या. सध्या 'कर्टन' चालू आहे. वाक्यं आखूड, ताठ, एक शब्द जास्तीचा नाही. वही शेजारीच आहे, अजून उघडावी लागलेली नाही.